होडीत बसताना जॅकेट का घालायचे?

सुट्ट्या लागल्या की रामवाडीच्या माझ्या दवाखान्यात प्रवासाच्या गोळ्या मागणाऱ्यांची संख्या वाढते. उलटीची गोळी, जुलाबाची गोळी, तापाची गोळी. कुणी घारापुरीला निघालेले असते, कुणी मांडव्याहून बोटीने मुंबईला, तर तरुण मंडळी कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करायला. गोळ्या देताना मी विचारतो, "बोटीत लाइफ जॅकेट घालणार ना?" उत्तर बहुधा ठरलेले असते. "डॉक्टर, मला पोहता येते." कोकणातल्या माणसाला हे सांगताना थोडा अभिमान वाटतो आणि तो अगदीच अस्थानी नाही. विहिरीत, नदीच्या डोहात आपली मुले पोहायला शिकतात. परंतु डोहात स्वतःहून उडी मारणे आणि बोट उलटून कपड्यांसकट पाण्यात फेकले जाणे, या शरीराच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

१८ डिसेंबर २०२४ चा दिवस वाचकांना आठवत असेल. गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट भर दिवसा येऊन आदळली. दोन्ही बोटींवरचे मिळून १५ जण मृत्युमुखी पडले. घारापुरी म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, उरण तालुक्यातले बेट. 'नीलकमल'ला ८४ प्रवाशांची परवानगी होती. त्याहून अधिक माणसे तीत बसली होती आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. या अपघातानंतर गेट वेवरून सुटणाऱ्या बोटींत प्रवाशांना जॅकेट सक्तीचे करण्यात आले. सक्ती झाली हे चांगलेच झाले, पण ती कशासाठी हे कळले नाही तर लोक धक्का सुटताच जॅकेट काढून मांडीवर घेतात.

माणूस ध्यानीमनी नसताना पाण्यात पडला की पहिली गोष्ट घडते ती त्याच्या इच्छेबाहेर. तो दचकून मोठा श्वास आत ओढतो. पाणी गार असेल तर हे अधिकच जोराने होते. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जाते, ठसका लागतो आणि घशातल्या स्वरयंत्राचे स्नायू आवळले जातात. त्यातच बोटीचा कठडा डोक्याला लागलेला असतो, शेजारच्याने घाबरून गळ्याला मिठी मारलेली असते, साडी किंवा ओढणी पायांना गुंडाळलेली असते. पोहण्याची कला उपयोगी पडायची ती या पहिल्या एक-दोन मिनिटांनंतर, आणि तोपर्यंत तोंड पाण्याबाहेर ठेवण्याचे काम कुणीतरी करायला हवे. जॅकेट ते करते. चांगले जॅकेट बेशुद्ध माणसाचेही डोके वर ठेवायला मदत करते, जे कोणत्याही पट्टीच्या पोहणाऱ्याला स्वतःसाठी करता येत नाही. पाण्यात पडल्यावर तरंगणारे जॅकेट पकडून, बाह्या शोधून, पट्टे बांधणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ते धक्क्यावरच घालायचे.

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना 'रामदास' बोटीचे नाव अजून ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे येताना ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती बहुतांशी आपल्याच कोकणातली. पोहता येणारी त्यांत नसतील असे कसे म्हणावे? याउलट १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली तेव्हा पोलिसांच्या गस्ती बोटीने ८८ जणांना सुखरूप बाहेर काढले. मदत इतक्या जवळ होती हे त्यांचे भाग्य. धरणाच्या जलाशयात असे भाग्य क्वचितच लाभते. उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले आणि पोहत काठाला लागला तो एकच जण. उन्हाळ्यातल्या दुपारनंतरच्या वळवाचा भरवसा नसतो. आभाळ काळवंडलेले दिसले की तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, होडीत बसू नये.

जॅकेटला घामाचा वास येतो, फोटो चांगला येत नाही, या तक्रारी मला नेहमी ऐकायला मिळतात आणि वासाची तक्रार तर खरीच आहे. तरी घालावे, आणि नीट घालावे. पट्टे आवळल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहा. ते हनुवटीपर्यंत किंवा कानापर्यंत सरकले तर पाण्यातही तसेच सरकेल आणि माणूस खालून निसटेल. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घालण्यात अर्थ नाही. मुलाच्या मापाचे, शक्यतो दोन पायांमधून पट्टा जाणारे जॅकेट मागावे. नसेल तर ती फेरी सोडावी. मागावे लागले तर संकोच करू नये. तांडेल रागावत नाही, आणि रागावला तर रागावू द्यावा.

होडीत उभे राहणे आणि सगळ्यांनी एका बाजूला धावणे, या दोन सवयींनी चांगली होडीही कलंडते. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात ४० शाळकरी मुलांना घेऊन गेलेली बोट उलटली व तीन मुली दगावल्या. बोटीत गर्दी होती आणि मुले फोटोसाठी एका बाजूला जमली होती असे त्या वेळी सांगण्यात आले. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षक बंधुभगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे. होडी उलटलीच तर ती बहुधा लगेच तळाला जात नाही. तिला धरून राहावे. पाण्यावरून काठ दिसतो त्यापेक्षा बराच दूर असतो, आणि पोहत निघालेला माणूस मध्येच दमतो.

कुंडलिकेची गोष्ट थोडी निराळी. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून वीज निर्माण करून या नदीत सोडले जाते, त्यावर सकाळचे राफ्टिंग चालते. तेथे हेल्मेट, जॅकेट आणि सूचना मिळतात. त्या हसण्यावारी नेऊ नयेत. राफ्टमधून पडल्यास पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवावेत. वेगाच्या पाण्यात उभे राहू पाहणाऱ्याचा पाय खडकांच्या फटीत अडकतो व प्रवाह त्याला पालथा पाडतो. मला खरी काळजी वाटते ती काठावर डोहात उतरणाऱ्यांची. ओहोटी लागल्यासारखी नदी दिसते, लोक मधल्या खडकावर जाऊन जेवायला बसतात आणि पाणी सुटते.

आता माझ्या रुग्णांसाठी थोडे. फिट्स येणाऱ्यांनी गोळी चुकवून होडीत बसू नये आणि सोबतच्या एकाला तरी आजाराची कल्पना द्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाऊन निघावे, खिशात साखर ठेवावी. उलटी थांबवणाऱ्या गोळीने गुंगी येते. ती घेऊन वल्हे मारू नये व कठड्यावर बसू नये. दारूबद्दल काय सांगावे! तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा तिने आधीच ढिली पडलेली असते, आणि लघवीसाठी होडीच्या कडेला उभा राहिलेला माणूस आवाजही न करता पाण्यात जातो.

आवाज न करता हे शब्द मी मुद्दाम लिहिले. बुडणारा माणूस हात हलवून "वाचवा, वाचवा" म्हणतो हे सिनेमातले. प्रत्यक्षात त्याला ओरडायला श्वासच उरत नाही. डोके मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबणारे, डोळे विस्फारलेले. एवढेच दिसते, तेही मिनिटभरापेक्षा कमी वेळ. लांबून तो खेळतो आहे असेच वाटते. त्याच्यामागे उडी मारू नये, कारण तो वाचवणाऱ्याला खाली दाबतो. दोर, बांबू, साडी, घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताशी असेल ते काठावर पालथे पडून त्याच्याकडे टाकावे.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे जे केले जाते त्याने मन विषण्ण होते. उलटे टांगणे, खांद्यावर घेऊन पळणे, पोट दाबून पाणी काढणे, आणि अलीकडे मोबाइलवरच्या संदेशांमुळे मिठात पुरून ठेवणे! पोटातल्या पाण्याने माणूस मरत नाही. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने मरतो, आणि मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. पोट दाबल्याने अन्न वर येऊन फुप्फुसात जाते. श्वास चालत नसेल तर माणसाला कठीण जागी उताणे झोपवावे, डोके किंचित मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा हवा द्यावी. छाती वर उचलली जाते का ते पाहावे. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताच्या बुडाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीसच्या गतीने दाबावे. तीस वेळा दाबणे, दोन वेळा हवा, असे मदत येईपर्यंत थांबू नये. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, ओले कपडे काढून पांघरूण घालावे.

पाण्यात गटांगळ्या खाऊन उठलेला, बोलणारा, चहा पिणारा माणूसही त्या दिवशी डॉक्टरांना दाखवावा. फुप्फुसात थोडे पाणी गेलेले असले तर त्रास काही तासांनी सुरू होतो. खोकला थांबत नाही, श्वास जलद होतो, तोंडाला फेस येतो, मूल सुस्त पडते. यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि तेथे माणूस पाण्यात किती वेळ होता ते सांगावे.