सायकलीस यंत्र जोडतांना

सायकलीस लहानसें यंत्र जोडून ती आपोआप पळविण्याची हौस नवी नाहीं. १८९७ सालीं पॅरिस येथील वेर्नर बंधूंनीं सायकलीच्या पुढच्या चाकावर इंजिन बसवून पट्ट्यानें तें चाक फिरविलें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ सालीं, जपानांत सोइचिरो होंडा यांनीं लष्कराच्या बिनतारी यंत्रांस वीज पुरविणारीं लहान इंजिनें मिळवून तीं सायकलींस जोडलीं; पुढें जगभर पसरलेल्या त्यांच्या कारखान्याचा उगम त्या खटपटींत आहे. आपल्या महाराष्ट्रांत पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें १९७२ सालीं ‘लूना’ बाजारांत आणली. पन्नास घनसेंटिमीटरांचें इंजिन आणि पायांखालीं सायकलीचींच पेडलें असलेली ही गाडी पाहतां पाहतां मध्यमवर्गीय घरांच्या अंगणांत येऊन उभी राहिली.

आज पेण किंवा रोह्याकडील एखाद्या हौशी तरुणास अशी गाडी घरीं बांधावीशी वाटली, तर साहित्य दुर्मिळ नाहीं. सायकल घरांत असतेच. गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन किंवा विजेवर चालणारी मोटार बाजारांत मिळते. अडतें तें या दोहोंच्या मधल्या दुव्यावर. यंत्राची शक्ति चाकापर्यंत पोंचविणाऱ्या या दुव्यास शक्तिवहन म्हणतात. बहुतेकांचें सारें लक्ष इंजिनाकडे असतें. गाडी उपयोगी पडणार कीं पडवींत गंजत राहणार, हें मात्र बहुधा शक्तिवहनावर ठरतें.

हा दुवा लागतो कां, तें प्रथम पाहूं. जुन्या वळणाच्या अठ्ठावीस इंची सायकलीचें चाक एका फेऱ्यांत सुमारें २.२ मीटर जमीन कापतें. ताशीं २५ किलोमीटर वेगासाठीं त्यानें मिनिटास सुमारें १९० फेरे केले म्हणजे पुरे. उलट, गवत कापण्याच्या यंत्राचें टू-स्ट्रोक इंजिन मिनिटास पांच-सहा हजार फेरे करूं लागेल, तेव्हांच त्याची खरी शक्ति प्रगट होते. तें सरळ चाकाच्या आंसास जोडलें, तर एक फेराहि पुरा न करतां बंद पडेल. म्हणून त्याचे फेरे अठ्ठावीसपट घटवावे लागतात. फेरे घटले म्हणजे शक्ति वांया जाते असें नव्हे; जितक्या पटीनें फेरे कमी होतात, जवळजवळ तितक्याच पटीनें पीळ वाढतो. पहारीनें धोंडा उचटतांना लांब टोंक हातभर दाबावें, तेव्हां धोंडा बोटभर उचलतो. हा हिशेब त्याच जातीचा आहे.

परंतु प्रमाण एकदां ठरवून भागत नाहीं, कारण रस्ता सर्वत्र सारखा नसतो. स्वार, सायकल, यंत्र आणि सामानाची पिशवी मिळून १०० किलो वजन धरूं. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा पडलेला असतांना, ताशीं २५ किलोमीटर जाण्यास चाकाशीं सुमारें २०० वॅट शक्ति लागते. तींतील निम्म्याहून अधिक हवा बाजूस सारण्यांत खर्च होते. आतां तोच रस्ता वीस मीटरांस एक मीटर चढूं लागला, कीं लागणारी ओढ दुपटीहून वाढते, आणि तेवढ्याच शक्तीनें गाडी ताशीं अकरा-बारा किलोमीटरांपेक्षां अधिक धांवूं शकत नाहीं. यंत्र आणि चाक यांचें प्रमाण कायम असेल, तर चाकाबरोबर यंत्राचाहि वेग निम्म्यावर येतो. पेट्रोलचें इंजिन अशा वेळीं दम सोडतें. विजेची मोटार दम सोडीत नाहीं, पण तापूं लागते. शक्तिवहनाची निवड म्हणजे या चढाची तरतूद होय.

शक्तिवहनाच्या प्रकारांत सर्वांत सोपा प्रकार घर्षणरुळाचा. इंजिनाच्या आंसावर लहानसा रूळ बसवावा आणि तो टायरवर दाबून धरावा. एक इंच व्यासाचा रूळ आणि अठ्ठावीस इंची चाक यांचें प्रमाण आपोआपच अठ्ठावीसास एक होतें. मधलीं चाकें नकोत, साखळी नको. फ्रान्समधील ‘व्हेलोसोलेक्स’ ही १९४६ पासून बाजारांत आलेली गाडी याच तत्त्वावर पुढचें चाक फिरवीत असे, आणि ती फार लोकप्रिय झाली. रूळ उचलला कीं सायकल पुन्हां साधी सायकल होते, हाहि मोठा गुण. परंतु टायर ओलें झालें कीं रूळ घसरतो. दाब वाढविला तर टायर झिजतें. वाळू व खडी मधें सांपडली तर दोन्ही खरवडून निघतात. होंडा यांचा पहिला प्रयोगहि रुळाचाच होता. त्या काळचीं हलकीं टायरें टिकेनात, म्हणून त्यांनीं तो सोडून मागच्या चाकास पट्टा लाविला. पेणच्या बाजूस पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि खारेपाटाचा चिखल किती चिकट असतो हें तेथील प्रत्येक पादचाऱ्यास ठाऊक आहे. तेथें रूळ हें आठ महिन्यांचें वाहन आहे.

दुसरा प्रकार पट्ट्याचा. गिरणींत असतो तसा, समलंब छेदाचा पट्टा खोबणीच्या पुलींवरून फिरतो. तो आवाज करीत नाहीं, तेल मागत नाहीं, आणि इंजिन एकाएकीं अडकलें तर स्वतः घसरून पुढील नुकसान टाळतो. परंतु पुली फार लहान केल्यास पट्टा तीवर नीट वळत नाहीं आणि लौकर फाटतो. म्हणून एकाच पट्ट्यानें अठ्ठावीसपट घट साधणें कठीण. शिवाय उघडा पट्टा पावसांत भिजला कीं त्याची पकड सुटते. तो झांकून, इंजिनालगतच्या पहिल्या टप्प्यांत वापरावा, हें बरें.

तिसरा प्रकार साखळीचा. हान्स रेनोल्ड यांनीं १८८० सालीं सुधारून दिलेली रूळकड्यांची साखळी आजहि आपल्या सायकलींवर दिसते. स्वच्छ व तेल घातलेली साखळी शेकडा ९५ हून अधिक शक्ति पोंचविते आणि पाण्यांत घसरत नाहीं. तिलाहि मर्यादा आहे. नऊ दांत्यांहून लहान चक्रावर ती धक्के देत चालते, आणि पन्नास दांत्यांहून मोठें चक्र मागच्या चाकास लावणें अवघड जातें. म्हणजे एका साखळीनें साडेपांचपट घट झाली. उरलेली पांचपट घट इंजिन आणि चाक यांच्या मधें एक जादा आंस टाकून, त्यावर पट्ट्यानें किंवा बंद दांतेपेटीनें करावी लागते. पांच गुणिले साडेपांच, असा तो हिशेब अठ्ठावीसाच्या जवळ येतो. काम वाढतें, पण प्रमाण हातीं राहतें. एक चक्र बदललें कीं गाडीचा स्वभाव बदलतो.

येथें क्लचाचा विचार केला पाहिजे. गवत कापण्याच्या इंजिनास बहुधा केंद्रोत्सारी क्लच असतो. लूनेंतहि त्याच तत्त्वाचा क्लच होता. फेरे वाढले कीं त्याचे तुकडे बाहेर फेंकले जाऊन डब्याच्या आंतल्या कडेस चिकटतात आणि शक्ति पुढें जाते. समजा, तो मिनिटास ४,००० फेऱ्यांवर पक्की पकड घेतो. अठ्ठावीसास एक प्रमाणांत हा वेग ताशीं १९ किलोमीटर होतो. याचा अर्थ, चढावर गाडी त्याच्या खालीं आली कीं क्लच घसरत, तापत, जळत राहणार. प्रमाण पस्तीसास एक केलें, तर तीच मर्यादा १५ किलोमीटरांवर उतरते आणि चाकाची ओढ सव्वापट होते. इंजिनाच्या त्याच ५,३०० फेऱ्यांत सपाटीवर २५ ऐवजीं २० किलोमीटर मिळतात, एवढेंच मोल द्यावें लागतें. बहुतेक हौशी लोक येथेंच चुकतात. ते सपाटीवरील वेग पाहून प्रमाण ठरवितात आणि पहिल्याच खिंडींत क्लच जाळून बसतात. लूनेस पेडलें कां ठेविलीं होतीं, याचें उत्तर यांत आहे. निघतांना आणि चढावर पायांनीं यंत्रास हात द्यावा, अशी ती योजना होती. घरगुती गाडीनेंहि ती सोडूं नये.

विजेच्या मोटारीनें हा प्रश्न कांहींसा सोपा केला आहे. चाकाच्या तुंब्यांतच बसणाऱ्या मोटारीस बाहेरची साखळी किंवा पट्टा लागत नाहीं. पावसाचा व चिखलाचा उपद्रवहि कमी. तिच्या दोन जाती आहेत. एकींत चाक व मोटार एकाच वेगानें फिरतात. दुसरींत आंत लहान दांतेचाकें असून मोटार चाकापेक्षां कित्येक पट वेगानें फिरते. पेण-रोह्यासारख्या चढउताराच्या प्रदेशांत, आणि शक्ति थोडी असतांना, दुसरी जात अधिक सोयीची. कारण हळू चाललेल्या चाकांतहि मोटार आपल्या सोयीच्या वेगाजवळ राहते. तथापि दोन्हींचें प्रमाण एकच व कायमचें असतें, म्हणून लांब चढावर पेडल मारून मोटारीचा भार हलका करावाच. मोटार पेडलांच्या आंसाशीं बसविली, तर सायकलीचे गिअरहि तिच्या उपयोगीं पडतात, आणि चढासाठीं ही रचना सर्वांत उत्तम. मात्र सायकलीची साखळी व गिअर यांवर पायांपेक्षां पुष्कळ अधिक ताण येतो, हें विसरूं नये.

आतां हें सारें रस्त्यावर ठेवून पाहूं. हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांत रोज पेणहून कामास जाणारा कारागीर बहुतेक सपाटीवरून जातो. त्यास चढाची चिंता नाहीं. चिंता पावसाची आणि खाडीकडील खाऱ्या हवेची, जी उघडी साखळी आठ दिवसांत तांबडी करते. त्यानें चाकांतील बंद मोटार घेणें शहाणपणाचें. नागोठण्याहून भिसे खिंड ओलांडून रोह्यास, तेथून धाटावच्या औद्योगिक वसाहतींत पाळीस जाणाऱ्या कामगाराची गोष्ट वेगळी. त्याच्या वाटेवर खिंड आहे, आणि कधीं ती रात्रीं ओलांडावयाची आहे. त्यानें पेडलांशीं बसणारी, गिअर वापरणारी मोटार घ्यावी. पेट्रोलचें इंजिनच हातीं असेल तर दोन टप्प्यांची झांकलेली साखळी घ्यावी आणि पस्तीसच्या आसपास प्रमाण ठेवावें.

खिंडीच्या पलीकडे उतार असतो, आणि शक्तिवहनाची खरी परीक्षा तेथें होते. इंजिन उतारावर एकाएकीं अडकलें आणि चाक त्यास घट्ट जोडलेलें असलें, तर मागचें चाक जागच्या जागीं थांबून स्वार फेंकला जातो. म्हणून इंजिनाच्या बाजूसहि पेडलांप्रमाणेंच स्वतंत्र फ्रीव्हील असलें पाहिजे. ही काटकसरीची जागा नव्हे. मागचें दांतेरी चक्र आऱ्यांस आवळून बसविण्याची युक्ति स्वस्त असली, तरी आरे ढिले होऊन तुटतात; तें चक्र तुंब्यास पक्कें बसवावें. चाकांत मोटार असेल, तर तिच्या आंसानें फाळक्यांतून फिरून निसटूं नये म्हणून आधाराची पोलादी पट्टी लावावी. साखळी व पट्टा दोन्ही बाजूंनीं झांकावेत. मागें बसलेल्या बाईचा पदर किंवा मुलीची ओढणी त्यांत जाण्यास एक क्षण पुरतो. आणि ब्रेक? पोलादी रिमवर ओल्या रबराची पकड फारच थोडी असते. ताशीं २५ ऐवजीं ४० किलोमीटर वेग केला, कीं थांबवावयाची ऊर्जा अडीचपटींहून अधिक होते. साध्या सायकलीचे ब्रेक त्यासाठीं घडविलेले नसतात. यंत्र बसविण्यापूर्वीं ब्रेक बदलावेत.

कायद्यानेंहि साधारण हीच मर्यादा घातली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणें, चारांपेक्षां कमी चाकांचें आणि २५ घनसेंटिमीटरांपर्यंतचें इंजिन असलेलें वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाहीं. विजेच्या वाहनास केंद्रीय नियमांप्रमाणें ही सवलत मिळण्यास मोटार २५० वॅटांहून कमी, वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी, आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आंत असावें लागतें. योग्य ब्रेक व प्रकाश परतविणारीं भिंगेंहि हवींत. गवत कापण्याचीं कित्येक इंजिनें ४० ते ५० घनसेंटिमीटरांचीं असतात. तसलें इंजिन बसविलें, कीं ती घरगुती गाडी कायद्याच्या दृष्टीनें विनानोंदणीचें मोटार वाहन होते. अपघात झाल्यास त्याचे परिणाम सबंध घरास भोगावे लागतात.

तात्पर्य, गाडी बांधणारानें प्रथम इंजिनाची किंमत विचारूं नये. आपल्या वाटेवरील सर्वांत मोठा चढ कोणता, तेथें पाऊस किती, आणि त्या चढाच्या पलीकडील उतारावर गाडी थांबेल काय, हे तीन प्रश्न कागदावर लिहून त्यांचीं उत्तरें काढावींत. हा हिशेब त्रैराशिकापलीकडे जात नाहीं. शाळेंतील मुलासहि तो करतां येईल. तो करून मग यंत्रास हात लावणाराची गाडी वेगानें कदाचित् थोडी मागें राहील, पण ती खिंड चढून जाईल आणि स्वारास सुखरूप घरीं आणील.