गावाचे नाव ही कोणाची मालमत्ता?

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून. अशा गावाच्या संदर्भात फ्रान्समधील मद्याचा विषय काढणे कित्येकांना औचित्याला सोडून वाटेल. परंतु शॅम्पेन या प्रांताची ओळख तेथील पेयाच्या चवीऐवजी तेथील शेतकऱ्यांच्या एका झगड्यातून करून घेतली, तर तो प्रांत गागोद्यापासून फारसा दूर उरत नाही. हा झगडा गावाच्या नावावर मालकी कोणाची, या प्रश्नावरून झाला होता.

शॅम्पेन हा पॅरिसच्या पूर्वेकडील थंड हवेचा, खडूच्या टेकड्यांचा मुलूख आहे. द्राक्षे येथे कष्टानेच पिकतात. द्राक्षरस बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचा आणि खडूत कोरलेल्या तळघरांत किमान पंधरा महिने मुरू द्यायचा, अशी तेथील रीत आहे. आज सुमारे ३४ हजार हेक्टर द्राक्षमळ्यांपैकी नऊ-दशांशांच्या आसपास जमीन लहानमोठ्या बागायतदारांच्या हाती आहे. विक्रीचा मोठा वाटा मात्र नामांकित पेढ्यांकडे आहे. पिकविणारा एक आणि नावावर विकणारा दुसरा, ही विभागणी जुनीच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही विभागणी विकोपास गेली. मुळे पोखरणाऱ्या फिलॉक्सेरा किडीने मळे ग्रासले होते, त्यातच १९१० चे पीक बुडाले. काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षे व मद्य आणून शॅम्पेनच्या नावाने खपवीत होते. १९११ च्या जानेवारीत बागायतदारांनी असा माल रस्त्यावर ओतला; एप्रिलमध्ये आय गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटल्या आणि सरकारला लष्कर धाडावे लागले. प्रांताच्या सीमेचा वादही तितकाच कडवा होता. १९०८ च्या सीमांकनात वगळलेल्या ओब जिल्ह्यातील शेतकऱ्यांना न्याय मिळण्यास १९२७ साल उजाडले. १९१९ च्या कायद्याने मूळस्थानाच्या नावाला संरक्षण दिले, १९३५ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९४१ मध्ये बागायतदार व पेढ्या यांची संयुक्त समिती आली. म्हणजे हा कायदा दंगलीच्या राखेतून उभा राहिला.

या संरक्षणाबरोबर शिस्तही आली, हे विसरता कामा नये. द्राक्षे हातानेच खुडावयाची. चार हजार किलो द्राक्षांतून २,५५० लिटरांहून अधिक रस काढावयाचा नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर नावाला मिळणारी जादा किंमत ही एक प्रकारची भूमी-खंडणीच होय. ती टिकावयाची, तर प्रत्येक उत्पादकाने लोभाला आवर घातला पाहिजे आणि तो घातला आहे की नाही, हे पाहणारी यंत्रणाही हवी.

भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये अमलात आला. महाराष्ट्रात २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर नाशिक परिसरात वाइनचा उद्योग वाढला आणि पुढे नाशिक खोऱ्यातील वाइनला मानांकनही लाभले. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये ते मिळाले. त्यांत रायगडही आहे. पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यातील पांढऱ्या कांद्याला ते २०२२ मध्ये प्राप्त झाले.

या कायद्यातील एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. मानांकन विकता येत नाही, कोणास हस्तांतरित करता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. विनोबांच्या ग्रामदानाची कल्पना याहून वेगळी कोठे होती? जमिनीची मालकी ग्रामसभेची, कसण्याचा अधिकार कुटुंबाचा आणि गावाबाहेर विक्री नाही, हेच तिचे सूत्र होते. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा आहे. त्याचा आधार घेऊन गडचिरोलीतील मेंढा-लेखा हे गाव २०१३ मध्ये ग्रामदानी झाले. जमिनीच्या बाबतीत जे तत्त्व बहुतेक गावांना पचविता आले नाही, ते नावाच्या बाबतीत कायद्याने निमूटपणे मान्य करून टाकले आहे.

परंतु नोंदवहीत नाव चढल्याने भाव मिळत नाही. या कायद्याखाली उत्पादकाला स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. ज्या बागायतदाराने मोहोरापूर्वीच बाग खंडाने देऊन टाकली, त्याला या नोंदीचा उपयोग काय? बाजारात परप्रांतीचा आंबा हापूसच्या नावाने खपतो आणि ग्राहकही पेटीवरील अक्षरांपलीकडे पाहत नाही. शॅम्पेनच्या शेतकऱ्याला जे संघटनेने व सततच्या तपासणीने मिळाले, ते येथे प्रमाणपत्राच्या चौकटीकडून अपेक्षिले जात आहे. उत्पादकांचा स्वतःचा संघ, माल पारखणारी त्याची यंत्रणा आणि खंडाच्या पाशातून सोडविणारे वेळेवरचे कर्ज या तीन गोष्टींवाचून मानांकनाचा लाभ अखेर व्यापाऱ्याच्याच पदरी पडणार.

गागोद्याला स्वतःचे असे कोणतेही विख्यात उत्पादन नाही. पण पेणचे नाव गणेशमूर्तींनी गावोगावी पोचविले आहे आणि ते नाव घडविणाऱ्या हातांना त्यातून काय मिळते, हा प्रश्न शॅम्पेनमधील १९११ च्या प्रश्नासारखाच आहे. तेथे तो सुटण्यापूर्वी घरे जळली. येथे कायदा आधीच हाती आहे. उणीव आहे ती त्यामागे एकत्र उभ्या राहणाऱ्या उत्पादकांची. एकत्र येण्याचा धडा विनोबांच्या जन्मगावाच्या पंचक्रोशीने परक्या देशाकडून घ्यावा, यात कमीपणा नाही. मात्र तो घेण्यास आणखी विलंब झाला, तर तो कमीपणाच ठरेल.