पंजा का सुटतो?

मॉलमधल्या काचेच्या पेटीत पंजा खाली येतो, कापसाच्या अस्वलाला धरतो, वर नेतो आणि ऐन वेळी सोडून देतो. पोर हिरमुसते. "नेम चुकला, अजून एकदा टाक," वडील म्हणतात.

दोष दर वेळी नेमाचा नसतो. पंजाची बोटे विद्युतचुंबकाने (वीज वाहते तोवरच चुंबक असणारी तारेची गुंडाळी) मिटतात, आणि त्याला किती वीज द्यायची ते यंत्राचा मालक ठरवतो. अनेक यंत्रांत बक्षीस-प्रमाण (किती खेळांमागे एक बक्षीस जावे, तो आकडा) भरण्याची सोय असते. आकडा 20 असेल, तर साधारण 20 खेळांतून एकदा घट्ट पकड मिळते. एरवी पंजा सैल. सैल हाताने सांडशीत धरलेले पातेले जसे उचलल्यासारखे वाटते आणि चुलीवरून हलताच निसटते, तसेच हे.

म्हणजे कौशल्य लागत नाही असे नाही. घट्ट पकडीच्या खेळातही नेम हुकला तर बक्षीस हातचे जातेच. पण सैल पकडीपुढे अचूक नेमाचेही काही चालत नाही.

खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक कायद्याच्या दृष्टीने मोठा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत कोंबड बाजारावर (पैजा लावून कोंबड्या झुंजवण्याच्या अड्ड्यावर) पोलिस ज्या कायद्याखाली छापे घालतात, त्याच 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट देते. 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य प्रधान असलेले खेळ जुगारापासून वेगळे काढले.

खेळणाऱ्यांत लहान मुलेही असतात, आणि पंजा सैल आहे हे त्यांना बाहेरून कळत नाही. म्हणून यंत्राला जागा देतानाच बक्षीस-प्रमाण पेटीवर ठळक मराठीत लिहिण्याची अट मॉलने घालायला हवी.