पंपातले औषध जिवंत आहे!



सकाळी फवारले आणि संध्याकाळी किडी मरून पडलेल्या दिसल्या, म्हणजे औषध चांगले, अशी आपल्याला सवय लागली आहे. या मापाने मोजले तर बुरशीचे किंवा जिवाणूचे औषध नापासच ठरायचे. "साहेब, पावडर बोगस निघाली," ही तक्रार आमच्या कानांवर नेहमी येते. कधी माल खरोखरच बोगस असतो. पण पुष्कळदा माल चांगला असतो आणि तो आपल्याच पंपात मेलेला असतो.

माणसासारखी किडींनाही रोगराई असते. इटलीतील ऑगस्टिनो बासी यांनी १८३५ साली रेशमाच्या अळीचा एक रोग बुरशीमुळे होतो, हे दाखवून दिले. तीच बुरशी आज 'बिव्हेरिया बॅसियाना' या नावाने पुड्यात मिळते. (म्हणून शेजारी कोणी तुतीवर रेशीमकिडे पाळत असेल, तर तिकडे हे फवारू नका.) 'बीटी' हा मात्र जिवाणू. बीटी कपाशीचे नाव त्याच्यावरूनच पडले.

या दोघांची मारण्याची तऱ्हा वेगळी आहे आणि तीच नीट समजून घ्यायची आहे. बीटी अळीच्या पोटात गेला पाहिजे. तेथे त्याचे विष सुटते, आतड्याला भोके पडतात, अळी काही तासांत खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. म्हणून टोमॅटोवरची अळी लहान असताना, ती फळात शिरण्यापूर्वीच बीटी फवारावा. फळ पोखरून आत बसलेल्या अळीला तो पोहोचत नाही. रस शोषणाऱ्या किडी पान कुरतडत नाहीत. म्हणून कांद्यावरच्या फुलकिड्यांवर किंवा द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणावर बीटी मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

तेथे बुरशी हवी. बुरशीचे बीज किडीच्या अंगाला चिकटते, रुजते आणि कातडी भेदून आत शिरते. याला ओलावा लागतो आणि वेळही लागतो. कीड मरायला चार ते दहा दिवस जातात.

आता आपल्या नाशिकच्या द्राक्षबागेतली खरी अडचण सांगतो. हवा ढगाळ आणि दमट झाली की बुरशीचे औषध छान लागू पडते. पण नेमके त्याच दिवसांत डाऊनीच्या भीतीने आपण बुरशीनाशकाचे ब्लोअर घेऊन बागेत उतरतो. बुरशीनाशक चांगली बुरशी आणि वाईट बुरशी असा भेद करीत नाही. मग एकाच टाकीत मँकोझेब आणि बिव्हेरिया कालवणाऱ्याला काय म्हणावे? मजुरी वाचते खरी, पण औषधाचा पैसा बुडतो. दोन्हींमध्ये निदान आठवड्याचे अंतर ठेवा. टाकी व नळ्या आधी स्वच्छ धुवा. बीटीला बुरशीनाशकाचे एवढे वावडे नाही, पण बोर्डो मिश्रणात तोही कालवू नका.

मग हा खटाटोप कशासाठी? युरोपच्या बाजारासाठी. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडल्याने आपली द्राक्षे तिकडे अडकली आणि बागायतदारांना जबर फटका बसला. ते कीटकनाशक नव्हते, वाढ रोखणारे रसायन होते. पण तपासणारा यंत्राला एवढेच विचारतो, की अंश किती? काढणी जवळ आली आणि घडात पिठ्या ढेकूण दिसला, की हात रासायनिक औषधाकडे जातो. तो जाऊ नये यासाठी तयारी खरड छाटणीनंतरच सुरू करावी. खोडाची सुटलेली साल काढावी, मुंग्यांचा बंदोबस्त करावा (त्या या किडीला सांभाळतात), आणि पावसाळ्यात खोड व ओलांडे व्हर्टिसिलियम किंवा बिव्हेरियाने चांगले भिजवावेत. घडांवर भुकटी मारू नये, मण्यांवर पांढरे डाग राहतात.

ऊसवाल्यांसाठी मेटारायझियम आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, हुमणीच्या अळ्या लहान असताना, जमिनीत ओल असताना द्यावे. मात्र पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर येणारे भुंगेरे साऱ्या गावाने मिळून झाडून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले नाहीत, तर एकट्याच्या मेटारायझियमने काय होणार?

पुडा घेताना नोंदणी क्रमांक आणि मुदत पाहा. या बुरशींच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत बीजे असायला हवीत. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात तापलेला पुडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर तो सावलीत, थंड जागी, मुलांपासून आणि खाण्याच्या जिनसांपासून दूर ठेवावा. हे काम बहुतेक घरांत बायकांकडेच असते, म्हणून भगिनींना मुद्दाम सांगतो. बिव्हेरियाचे प्रमाण साधारण लिटरला ५ ग्रॅम धरतात, तरी पुड्यावरचे वाचावे. फवारणी ऊन कलल्यावरच करावी, कारण उन्हात ही बीजे तग धरीत नाहीत.

औषध लागू पडले की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. आठवड्याने पाच-दहा मेलेल्या किडी वेचून ओल्या कापसावर काचेच्या बरणीत ठेवा, झाकण सैल लावा आणि बरणी सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत अंगावर पांढरी लव आली तर बिव्हेरियाचे काम झाले; आधी पांढरी येऊन मग हिरवी झाली तर मेटारायझियमचे. काहीच आले नाही, तर पुडा, पावती आणि बरणी घेऊन कृषी कार्यालयात या. बरणी मात्र लोणच्याची आणू नका, ती पुन्हा घरात घेता येणार नाही.