फोटो तिरका का आला? बीएमपी फाइल वाचणारा प्रोग्रॅम दुरुस्त करताना

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू करतो.

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, सी भाषेची प्रॅक्टिकल परीक्षा. काम एवढंच: बीएमपी फाइल वाचा आणि फोटो स्क्रीनवर दाखवा. माझा प्रोग्रॅम घरी अगदी मस्त चालला होता. पण बाहेरून आलेल्या सरांनी त्यांचा फोटो दिला आणि स्क्रीनवर सगळं तिरकं! रंगांचा तर नुसता गोंधळ. मी घाबरून लूपमध्ये इथे एक वाढव, तिथे एक कमी कर, असं सुरू केलं. सर म्हणाले, "कोड नंतर बघ. आधी सांग, फोटोची रुंदी किती?"

रुंदी होती १०१ पिक्सेल. माझा घरचा फोटो १०० चा. त्या एका पिक्सेलनं माझे मार्क घालवले.

आता नीट समजून घेऊ. आपण साधी २४ बिटची बीएमपी घेऊ, म्हणजे एका पिक्सेलला ३ बाइट. फाइलच्या सुरुवातीला १४ बाइटचा एक हेडर, मग सहसा ४० बाइटचा दुसरा. म्हणजे ५४ बाइट माहिती, आणि त्यानंतर पिक्सेल. पण एक नियम आहे: प्रत्येक ओळीची लांबी ४ च्या पटीत हवी. १०० पिक्सेलची ओळ ३०० बाइटची. ४ नं भाग जातो, विषय संपला. १०१ ची ओळ होते ३०३ बाइटची, म्हणून शेवटी १ रिकामा बाइट भरतात. मी तो सोडून पुढे जातच नव्हतो! त्यामुळे दर ओळीला एक बाइट सरकत गेला. तीन बाइटचा रंग मधूनच तुटला, म्हणून रंगही बिघडले.

सोपा हिशोब लक्षात ठेवा: २४ बिटच्या फाइलमध्ये रुंदीला ४ नं भागून जी बाकी उरते, तेवढेच रिकामे बाइट. १०३ पिक्सेल असतील तर बाकी ३. तेव्हा बरोबर एक पिक्सेल सरकतो, म्हणून फोटो तिरका होतो पण रंग ठीक दिसतात. बघा, बिघडलेला फोटोच चूक कुठे आहे ते सांगतो.

अजून काही लक्षणं:

फोटो उलटा आला, डोकं खाली पाय वर? बीएमपीत सहसा सगळ्यात खालची ओळ आधी लिहिलेली असते. उंचीचा आकडा उणे असेल तरच वरून सुरुवात.

लाल ओढणी निळी दिसते? रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो. आपण सवयीनं लाल आधी धरतो.

अर्धाच फोटो आला आणि तुम्ही विंडोजवर आहात? फाइल नुसत्या 'आर'नं उघडली असेल. 'आरबी' लिहा. नाहीतर ती मजकूर समजून वाचली जाते, आणि मध्ये २६ किमतीचा बाइट आला की प्रोग्रॅमला वाटतं, फाइल संपली.

पिक्सेल कुठून सुरू होतात तो आकडा ५४ ऐवजी २६२१४४० आला? हे मोठं गमतीशीर आहे. हेडरसाठी तुम्ही स्ट्रक्चर बनवलंत १४ बाइटचं, पण कंपायलरनं स्वतःच्या सोयीसाठी मध्ये २ बाइट घातले आणि ते १६ चं झालं. मग पुढच्या हेडरचा ४० हा आकडा चुकीच्या खणात जाऊन बसतो, आणि ४० गुणिले ६५५३६ म्हणजे बरोबर २६२१४४०. 'साइझऑफ' छापून बघा, १६ दिसलं की चोर सापडला. प्रत्येक आकडा वेगळा वाचा किंवा 'प्रॅग्मा पॅक' वापरा.

आणि हो, मोठा फोटो घेऊन शोधत बसू नका. पेंटमध्ये ३ बाय २ पिक्सेलचं चित्र काढा: सगळं पांढरं, फक्त वरचा डावा ठिपका शुद्ध लाल (लाल २५५, हिरवा ०, निळा ०). २४ बिट बीएमपी म्हणून सेव्ह करा. ओळ ९ बाइटची, भरून १२. दोन ओळी २४, अधिक ५४, एकूण ७८ बाइट. शून्यापासून मोजलं तर ६६ व्या बाइटपासून ०, ०, २५५ दिसायला हवं. तोच तुमचा लाल ठिपका. ७८ बाइट तर कागदावरसुद्धा तपासता येतात. हा ठिपका जागेवर आणि लाल आला, तर ओळींची दिशा, रंगांचा क्रम आणि रिकामे बाइट, तिन्ही बरोबर.

हे मला त्या परीक्षेच्या आदल्या रात्री माहीत असतं तर! मी एकाच फोटोवर प्रोग्रॅम चालवून निवांत झोपलो होतो. तुम्ही सबमिशनच्या आधी १००, १०१, १०२ आणि १०३, अशा चारही रुंदीचे फोटो चालवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!