ताट, क्रम आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी

जेवणावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न काही मंडळींच्या मनात येणे साहजिक आहे. जेवण हा करण्याचा विषय, बोलण्याचा नव्हे, अशीच आपली समजूत. परंतु गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून भोजनाची एक नवी तऱ्हा रूढ होत आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे एक तर थट्टा चालते, नाही तर भाबडे कौतुक. समजून घेणे तेवढे राहून जाते. या तऱ्हेला ‘टेस्टिंग मेनू’ म्हणतात. आम्ही तिला ‘चवींचा क्रम’ म्हणतो. ‘चाखणे’ या क्रियापदावरून एखादा शब्द घडवला असता, पण मद्याच्या पेल्याशेजारच्या बशीने त्याला आधीच थोडी बदनामी आणून ठेवली आहे.

ही तऱ्हा अशी. पाहुणा आगाऊ जागा राखून ठेवतो. तेथे गेल्यावर पदार्थांची यादी त्याच्यापुढे येत नाही, किंवा आली तरी ती निवडीसाठी नसते. काय खायचे, किती खायचे आणि कशामागून काय खायचे, हे सारे आचारी ठरवतो. आठ, दहा, कधी पंधरा पदार्थ एकामागून एक येतात. प्रत्येक दोन-तीन घासांचा. जेवण दोन-अडीच तास चालते आणि माणशी काही हजार रुपये पडतात. मुंबईत महालक्ष्मीच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ साली अदिती दुगर आणि आचारी प्रतीक साधू यांनी ‘मास्क’ नावाचे खाद्यगृह काढले, ते मुळात याच एका पद्धतीवर उभे राहिले. निवडीची यादी नाही, दहा पदार्थांचा क्रम, आणि माल शक्यतो भारतातलाच, अगदी लडाखपर्यंत जाऊन हुडकलेला. साधू २०२२ साली तेथून बाहेर पडले, पण पद्धत टिकली.

‘एवढ्या पैशात दोन घास!’ ही पहिली थट्टा. तिला उत्तर आहे. एकच पदार्थ खात गेलो की त्याची गोडी घासागणिक उतरते, परंतु जो पदार्थ अजून तोंडी लागलेला नाही त्याची फारशी उतरत नाही, हे बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रयोगांनी दाखवले. लग्नाच्या पंगतीत भात नको म्हणणारा गृहस्थ जिलबीला हात पुढे करतो, यातले मर्म तेच. गोडी उतरण्यापूर्वीच पदार्थ संपवायचा, ही त्या दोन घासांमागची युक्ती. हाच नियम उलटा वापरला की बुफे होतो. तेथे वीस पदार्थ मांडलेले, प्रत्येक नवा, म्हणून प्रत्येकाची ओढ ताजी, आणि पोटाचा हिशेब मात्र कोणीच ठेवीत नाही.

दुसरी समजूत अशी, की क्रमाने जेवणे ही युरोपची पुरातन चाल आणि सारे एकदम वाढणे ही आपली. हे खरे नाही. अठराव्या शतकापर्यंत फ्रान्समधली मेजवानी आपल्या ताटाच्याच जवळची होती. दहा-वीस पात्रे एकदम मेजावर मांडीत आणि ज्याच्या हाताशी जे येईल ते तो घेई. थाट मोठा, पण निम्मे अन्न निवून जाई. १८१० च्या सुमारास पॅरिसमधील रशियन वकील कुराकिन याच्या मेजवान्यांतून दुसरी रीत फ्रेंचांना ठाऊक झाली, असे सांगतात. पदार्थ स्वयंपाकघरातून एकेक करून, गरम गरम यायचा आणि प्रत्येकाला वाटून दिला जायचा. त्या शतकाच्या उत्तरार्धात हीच रीत प्रतिष्ठेची झाली आणि साहेबाबरोबर सूप, मासा, मांस, पुडिंग अशी आपल्या थंड हवेच्या ठिकाणी आली.

दुसरा धागा जपानचा आहे. तेथील चहाच्या विधीबरोबर थोडेसे, ऋतूला धरून आणि नेटके वाढण्याची प्रथा आहे. तिला काइसेकी म्हणतात. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहाच्या आचार्याचे नाव तिच्याशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच आचारी जपानला जाऊ-येऊ लागले. १९७३ साली गो आणि मियो या दोन फ्रेंच समीक्षकांनी नव्या पाककलेचा जाहीरनामाच काढला. दाट सॉस नकोत, शिजवणे बेताचे, आणि त्या दिवशी बाजारात जे ताजे असेल तेच पानात, हा त्याचा इत्यर्थ. टेस्टिंग मेनूचे बीज येथे आहे. पुढे स्पेनमधल्या ‘एल बुली’ या खाद्यगृहात, जे २०११ साली बंद झाले, पदार्थांची संख्या तिसाच्या वर गेली. आमच्या मते तेथे क्रमाची कसरत झाली.

आता आपल्या ताटाकडे वळू. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. म्हणजे चवींची मांडणी येथे जागेत केलेली आहे. टेस्टिंग मेनूत ती काळात केलेली असते. आणि काळ आपल्या पंगतीलाही परका नाही. आधी वरणभात आणि तूप, मग पक्वान्न, मसालेभात, शेवटी ताकभात, हा क्रम कोणी बदलीत नाही. सुश्रुतसंहितेत तर मधुर आधी, आंबट-खारट मध्ये आणि इतर रस शेवटी, असे सांगितलेले आहे. निवड पंगतीतही नव्हतीच. यजमानाने जे केले ते जेवायचे. मग फरक कुठे? फरक घासात आहे. ताटावर बसलेला माणूस प्रत्येक घास स्वतः रचतो. या घासाला चटणीचे बोट, पुढच्याला लिंबू, मध्येच कोशिंबीर. मुंबईच्या त्या खाद्यगृहात घासही आचारी रचून देतो. जेवणाऱ्याने हे स्वातंत्र्य सोडायचे, ते कशासाठी? तर जी चव त्याला स्वतःहून भेटली नसती ती भेटावी म्हणून. ती भेटत नसेल तर सौदा बुडीत समजावा.

महाबळेश्वरशी याचा संबंध येतो तो येथे. १८२८-२९ च्या सुमारास सर जॉन माल्कम याने येथे गोऱ्या लोकांसाठी हवा खाण्याचे ठिकाण वसवले. पुढे मलाया-सिंगापूरकडून आणलेल्या चिनी कैद्यांनी या डोंगरावर बटाटे आणि इंग्रजी भाजीपाला पिकवला. चायनामन धबधब्याचे नाव त्यांच्या मळ्यांवरून पडले. आज डोंगराची ओळख स्ट्रॉबेरी ही आहे. देशातील बहुतांश स्ट्रॉबेरी या भागात होते आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पाऊस सरता सरता रोपे लावतात आणि साधारण डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत फळ चालते.

या फळाचा एक स्वभाव मात्र शहरच्या ग्राहकाला ठाऊक नसतो. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत घालता येतो, केळे, चिकू घरात ठेवून पिकवता येतात. स्ट्रॉबेरीचा रंग तोडल्यावर थोडा चढेल, ती मऊही पडेल, पण गोडी वाढत नाही. देठ तुटला त्या क्षणी जेवढी होती तेवढीच. पुरती पिकलेली स्ट्रॉबेरी दूरच्या प्रवासात टिकत नाही. म्हणून दूरच्या पेठेसाठी ती थोडी आधी तोडावी लागते, आणि जातही निवडायची ती कणखर सालीची. शेतकऱ्याचा यात दोष नाही; पेटी फुटली तर नुकसान त्याचेच. परिणाम असा, की मुंबईचा मनुष्य स्ट्रॉबेरी आंबट असते असे मानतो आणि तिच्यावर साखर व साय घालतो. भिलारच्या वाफ्यात दुपारी बारा वाजता पूर्ण लाल झालेले फळ ज्याने खाल्ले आहे त्याला हे निराळे सांगावे लागणार नाही. ती चव विकत मिळत नाही, कारण ती गाडीत बसतच नाही.

खरे पाहता टेस्टिंग मेनूचे प्रयोजन असल्याच चवींसाठी आहे. ज्या वस्तू थोड्या असतात, थोडे दिवस असतात आणि हलवता येत नाहीत, त्या दोन घासांतच वाढायच्या. आणि ज्या गावी त्या पिकतात त्या गावी आलेला प्रवासी काय जेवतो? बहुतेक हॉटेलांच्या बुफेत तीच लाल रश्श्यातली पनीरची भाजी, जी दिल्लीत आणि सुरतेतही मिळते. स्ट्रॉबेरी येते ती आइस्क्रीमवर. मध बाटलीत घरी नेतात, जेवताना कोणी वाढीत नाही. आणि महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव तर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभळाच्या फुलोऱ्यावरच्या मधाला मागाहून किंचित कडसरपणा येतो. तो वाढायचा तर एका चमच्यापेक्षा अधिक वाढूच नये.

येथे हजारोंचे बिल आणि पांढरे हातमोजे आणावेत असे आमचे म्हणणे नाही. या पद्धतीला जो पैसा लागतो तो बव्हंशी शहरातील जागेचा, नोकरवर्गाचा आणि दूरून आणलेल्या मालाचा. डोंगरावर माल दारात आहे. एखाद्या घरगुती खाणावळीने फेब्रुवारीतल्या एका दुपारी दहा माणसे बसवून पुढील क्रम वाढला तरी पुरे. आधी नाचणीची चतकोर भाकरी आणि लोणी, मग मळ्यातला लाल मुळा, नुसता मिठाबरोबर, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी वाटीभर, ज्याला २०१६ साली मानांकन मिळाले, वरीचा भात, नंतर मधाचा तो एक चमचा, कशातही न मिसळता. शेवटी त्याच दिवशी तोडलेली स्ट्रॉबेरी, साखर नाही, साय नाही. ती माणशी एक द्यायची की आग्रह करून आणखी दोन वाढायच्या, यावर मात्र आमचे आणि मुंबईच्या आचाऱ्यांचे एकमत होणे कठीण दिसते.