डोहाळे की पांडुरोग?

पोह्यांसोबत जिलेबी खाणारा इंदूरकर बाहेरच्या पाहुण्यास विक्षिप्त वाटतो. जिभेचे असे लाड निरुपद्रवी. त्यांवर आपण डॉक्टरांनी उपदेश न केलेलाच बरा. मात्र कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, माती खाण्याची किंवा दिवसभर बर्फ चघळण्याची ओढ ही आवड नव्हे. वैद्यकात तिला ‘पायका’ म्हणतात. गर्भवतीच्या बाबतीत आपण ती डोहाळे म्हणून हसण्यावारी नेतो. प्रत्यक्षात तिच्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. लोह सुरू केल्यावर हिमोग्लोबिन पुरते वाढण्याआधीच, काही दिवसांत, बर्फाची ओढ ओसरू लागते. पण संकोचामुळे रुग्ण हे आपणहून सांगत नाही. सासूबाई शेजारी असतील तर मुळीच नाही. तेव्हा त्यांना क्षणभर बाहेर बसवून हा प्रश्न अवश्य विचारावा.